जपण्याची किंमत

जानेवारी लागला की तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या टपालात बियाण्यांचे कॅटलॉग येऊन पडत असतील. बाहेर बर्फ, आत हीटरची घरघर, आणि मांडीवर चकचकीत पानांतले टोमॅटो: जांभळे, पट्ट्यापट्ट्यांचे, भोपळ्यासारख्या फाकी पडलेले. प्रत्येकाखाली चार ओळींची गोष्ट. कुणाच्या आजोबांनी बोटीतून आणलेलं बी, कुणाच्या आजीने डब्यात जपलेलं बी. गोष्ट वाचून आपण पुडी मागवतो, चार-पाच डॉलर भरतो, आणि एक जुना ठेवा वाचवल्याचं समाधान मार्चमध्ये माती भिजवायच्या आधीच पदरात पडतं.

मला त्या समाधानाविषयी लिहायचं आहे. टोमॅटो त्यात भरपूर येतील, कारण गेली काही वर्षं न्यू जर्सीतल्या माझ्या परसात मी तेच करतो आहे. पण मनात घोळतो आहे तो प्रश्न असा: एखादी जुनी गोष्ट टिकावी असं मला वाटत असेल, तर ती टिकवण्याची किंमत कोणी मोजायची?

शब्दापासून सुरुवात करू. ‘एअरलूम’मधला ‘लूम’ म्हणजे मूळ अर्थाने अवजार. वारसाकडे आलेलं अवजार ते एअरलूम. शोकेसमध्ये ठेवायची वस्तू हा अर्थ मागाहून चिकटला. आपल्याकडे अशा वाणाला साधा शब्द आहे, गावठी. गंमत बघा, माणसाला गावठी म्हटलं की शिवी होते आणि कोंबडीला, अंड्याला, टोमॅटोला म्हटलं की भाव वाढतो. हायब्रीडचं नेमकं उलटं: बियाण्याच्या दुकानात तो गुण, आणि नव्या पिढीला लावला की टोमणा. विदर्भातल्या वाचकांना ‘भेदरं’ आठवत असेल. तो शब्द ऐकला की मला टोमॅटो आपोआप लहान, आंबट आणि पातळ सालीचा दिसतो.

आता थोडं बागेतलं. इथे ज्यांना एअरलूम म्हणतात ते, आपल्या शेतीच्या भाषेत, सरळ वाण. फळातलं बी धरून पेरलं तर पुढच्या वर्षी तेच झाड आणि तेच फळ. टोमॅटोचं फूल बहुतेक वेळा स्वतःचं परागीभवन स्वतःच उरकतं, म्हणून हे जमतं. संकरित टोमॅटोचं बी धरलं तर एकाच फळातून नाना तऱ्हेची झाडं निघतात. म्हणून ते बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं. बदल्यात जे मिळतं ते थोडं नाही. पुडीवर व्ही, एफ, एन अशी अक्षरं असतात ती पाहा: दोन जातींचे मर रोग आणि मुळांवरचे सूत्रकृमी यांना तोंड द्यायची ताकद. माझ्या चेरोकी पर्पलला यातलं एकही अक्षर नाही. जुलैअखेर त्याची खालची पानं पिवळी पडतात, ऑगस्टच्या पावसात फळं देठाशी तडकतात, आणि उरलेल्यातली निम्मी खार नेते.

जुना म्हणजे शुद्ध आणि अस्सल, असं मात्र समजू नका. ‘मॉर्गेज लिफ्टर’ हा कॅटलॉगमधला लाडका टोमॅटो. वेस्ट व्हर्जिनियातल्या ‘रेडिएटर चार्ली’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या मेकॅनिकने तो बनवला. जवळच्या मोठ्या फळांच्या जाती एकमेकींशी हाताने संकरित करत, वर्षानुवर्षं निवड करत त्याने हा वाण स्थिर केला, रोपं एकेका डॉलरला विकली आणि घरावरचं सहा हजार डॉलरचं कर्ज फेडलं. हे सारं १९३०-४०च्या दशकांतलं.

आमच्या राज्याचा ‘रटगर्स’ टोमॅटो तर चक्क कारखान्यासाठी जन्मला. कॅम्पबेल सूप कंपनीने १९२८ साली दोन जातींचा संकर केला, रटगर्स विद्यापीठातल्या लायमन शर्मरहॉर्न यांनी पुढच्या पिढ्यांतून निवड केली, आणि १९३४ साली वाण बाहेर आला. डबाबंद टोमॅटो, रस आणि सूप यांच्यासाठी तो एके काळी प्रचंड प्रमाणात लावला जाई. म्हणजे आपल्या काळातला तो अगदी आधुनिक, सुधारित, कंपनीचा टोमॅटो. आज तो वारसा म्हणून विकला जातो.

त्याचं पुढे काय झालं ते सांगण्यासारखं आहे. १९६०च्या दशकात टोमॅटो तोडायची यंत्रं आली. यंत्राला हवी होती जाड सालीची, धक्के सोसणारी, एकाच वेळी पिकणारी फळं. रटगर्सच्या मऊ फळाला ते झेपेना. शेतकऱ्यांनी तो सोडला. परसबागेत मात्र लोक लावत राहिले आणि बियाणे कंपन्या त्याच नावाने बी विकत राहिल्या. पण ज्याच्यावर कुणाचं पोट नाही त्याच्यावर कुणाची नजरही राहत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचं ‘रटगर्स’ हळूहळू वेगवेगळं होत गेलं. नाव तेच, पुडीवरचं चित्र तेच, आतला टोमॅटो सरकलेला. शेवटी विद्यापीठाने कॅम्पबेलकडे जपून ठेवलेलं मूळ आईबापांचं बी मिळवलं, संकर नव्याने केला, पिढ्या वाढवल्या, फळं चाखून निवड केली, आणि २०१६ साली, विद्यापीठाच्या अडीचशेव्या वर्षी, ‘रटगर्स २५०’ या नावाने तो परत आणला.

मला यातला उपरोध फार लागतो. प्रेम करणाऱ्या हजारो माळ्यांनी नाव जपलं. बी जपलं ते सूप बनवणाऱ्या कंपनीने, थंड कपाटात.

शेतकऱ्याने रटगर्स सोडला यात त्याची चूक होती का? नारायणगावला गेल्याशिवाय या प्रश्नाचं उत्तर देता येणार नाही, असं मला वाटतं. जुन्नर तालुक्यातलं हे टोमॅटोचं मोठं मार्केट. माझा एक चुलतभाऊ त्या भागात टोमॅटो करतो; सगळा संकरित. २०२३च्या जुलैत वीस किलोच्या कॅरेटला दोन हजारांवर भाव गेला तेव्हा टीव्हीवाले शेतकरी करोडपती झाल्याच्या बातम्या देत होते. त्याच वर्षी सप्टेंबरात भाव असा कोसळला की तोडणी आणि गाडीभाडं सुटेना, आणि नाशिककडच्या शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. दोन महिन्यांचं अंतर. असल्या बाजारात उभा असलेला माणूस फळाची साल किती जाड, ते किती दिवस टिकतं, करपा किती सोसतं हेच आधी बघणार.

हा भाऊ मागच्या उन्हाळ्यात लेकीकडे आला होता, तसा चार दिवस आमच्याकडेही राहिला. एका शनिवारी मागच्या अंगणात पाच-सहा मराठी घरं जमली. ब्रँडीवाइनच्या जाड चकत्या, वर मीठ, जिरेपूड, थोडं दाण्याचं कूट. एक स्नेही चकती खाता खाता कळवळून म्हणाले, “तुम्ही तिकडे सगळं हायब्रीड करून टाकलंत हो. आमच्या लहानपणीचा तो आंबट गावठी टोमॅटो पार घालवलात.”

भावाने शांतपणे विचारलं, “साहेब, हा टोमॅटो वाशीच्या मार्केटला कसा न्यायचा? पोचेस्तोवर त्याचं सार होईल.”

लोक हसले. स्नेही म्हणाले, “पण कुणीतरी जपायला नको का?”

“जपायला पाहिजे ना,” भाऊ म्हणाला. “तुम्ही लावा. तुमचं पोट काय याच्यावर नाही. आणि लावलाच तर बी पण धरा, नाहीतर पुढच्या साली परत पुडीच घ्याल.”

जपण्याच्या नीतीवर मी बरंच काही वाचलं आहे. या दोन वाक्यांइतकं नेमकं फार थोडं. ते उलगडून सांगायचं तर असं: एखादी गोष्ट टिकावी ही इच्छा माझी असेल, तर तिचं ओझं आधी माझ्या खांद्यावर यायला हवं. इच्छा मी करायची आणि नुकसान दुसऱ्याने सोसायचं, याला जपणं म्हणता येत नाही. ती फर्माईश झाली. आपण देशाबाहेरची माणसं या फर्माइशीत तरबेज आहोत, हे तुम्हीही मान्य कराल. गावातला वाडा पाडू नये असं आपल्याला वाटतं, आणि त्या वाड्यातल्या गळक्या छपराखाली काकू राहते. मराठी शाळा बंद पडतात म्हणून आपण फेसबुकवर हळहळतो. आपली मुलं कोणत्या भाषेत शिकली ते सांगायला नको. दादरचा किंवा लातूरचा पालक मुलाला इंग्रजी शाळेत घालतो तेव्हा तो तेच गणित मांडत असतो, जे मांडून आपण विमानात बसलो.

यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो चांगला आहे. राहीबाई पोपेरे यांचं काय? अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या या शेतकरी बाई. शाळेची पायरी चढल्या नाहीत, पण देशी वाणांची बँक उभी केली. बी न्यायचं आणि पिकल्यावर दुप्पट परत आणायचं, अशी तिची रीत सांगतात. २०१८ साली बीबीसीने जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं, पुढे पद्मश्री मिळाली. शेतीवरच पोट असलेल्या बाईने हे केलं, मग बाकीच्यांनी का करू नये?

करावं की. पण राहीबाईंना ते कुणी एडिसनमधून सांगितलं नव्हतं. त्यांना पटलं, त्यांनी किंमत मोजली, आणि मोजता मोजता शेजारणींना परवडेल अशी रीत बसवली. त्यांचं उदाहरण आपण दुसऱ्या शेतकऱ्याच्या तोंडावर फेकतो तेव्हा त्यांचं कर्तृत्व आपल्या फुकटच्या कळवळ्याला तारण ठेवतो, असं मला वाटतं.

दुसरा आक्षेप अधिक अवघड. परसातल्या चार झाडांनी नक्की काय जपलं जातं? शास्त्रज्ञ सांगतात की लागवडीतल्या सगळ्या टोमॅटोंचं वैविध्य एकत्र केलं तरी अँडीज पर्वताच्या परिसरातल्या जंगली नातलगांपुढे ते फार तोकडं आहे. आपल्या रंगीबेरंगी फळांतले फरक मूठभर जनुकांचे. रोग सोसायची ताकद बव्हंशी त्या जंगली जातींतूनच आणावी लागली. ते बी कॅलिफोर्नियात डेव्हिस इथल्या संग्रहात आहे; चार्ल्स रिक यांनी दक्षिण अमेरिकेत हिंडून त्यातलं कितीतरी गोळा केलं. मग जगाच्या अन्नाची काळजी असेल तर पैसे तिथे द्यावेत. हे मला मान्य आहे. करातून, देणग्यांतून चालणारा संग्रह ही किंमत वाटून घेण्याची प्रामाणिक रीत आहे, आणि माझ्या वाफ्याने जगाची भूक भागणार नाही.

परसात जे जपलं जातं ते वेगळं, आणि लहान. २०१२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोध प्रसिद्ध झाला. जुन्या टोमॅटोंना कच्चेपणी देठाभोवती गडद हिरवे खांदे असतात. बाजाराला एकसारखा लाल रंग हवा म्हणून सुमारे सत्तर वर्षं बिनखांद्याची झाडं निवडली गेली, आणि हरितद्रव्य घडवणाऱ्या ज्या जनुकाचं काम त्यात बंद पडलं त्याचा फळातल्या साखरेशीही संबंध होता. चव जाणूनबुजून कुणी टाकली नाही. ती मोजायची कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण भाव रंगाला होता. परसातल्या माणसाला मात्र भावाचं बंधन नाही. हिरव्या खांद्याचं, तडकलेलं, वेडंवाकडं फळ त्याला परवडतं. बाजाराला न परवडणारी गोष्ट परवडणारी जागा जगात कुठेतरी असावी, एवढंच परसाचं काम. (चेरोकी पर्पलचं सार मात्र करू नका. चव उत्तम, रंग गढूळ तपकिरी. त्याची कोशिंबीरच करावी.)

किंमत मोजणं म्हणजे काय ते जरा तपशिलात सांगतो, कारण पुडी विकत घेणं आणि बी धरणं यांत जो फरक आहे तो तिथेच कळतो. टोमॅटो बहुतेक वेळा स्वपरागित असला तरी मोठ्या फळांच्या काही जुन्या जातींत स्त्रीकेसर फुलाबाहेर डोकावतो, आणि भुंगा शेजारच्या वाफ्यातला पराग तिथे आणून सोडतो. म्हणून ज्या फळाचं बी धरायचं त्याची कळी उमलण्याआधी जाळीच्या पिशवीत बांधायची. फळ धरलं की पिशवी काढून देठाला दोरा. फळ खाण्याजोगं झाल्यावरही तोडायचं नाही, पुरतं पिकू द्यायचं. म्हणजे सगळ्यात देखणं फळ ताटात येत नाही. मग बिया गरासकट भांड्यात दोन-तीन दिवस आंबवायच्या, म्हणजे भोवतालचं बुळबुळीत आवरण सुटतं. घरातली माणसं वासाबद्दल जे बोलतात ते ऐकून घ्यायचं. धुऊन सावलीत वाळवायच्या, आणि पाकिटावर नाव आणि साल लिहायचं.

खरी कसोटी पुढच्या मार्चमध्ये. ब्रँडीवाइनची पानं बटाट्याच्या पानांसारखी असतात, कडा सरळ, दातेरी नाहीत. हा गुण अप्रभावी आहे, दोन्ही बाजूंनी मिळाला तरच दिसतो. त्यामुळे माझ्या ब्रँडीवाइनच्या बियांतून एखादं रोप दातेरी पानांचं निघालं की समजायचं, मागच्या उन्हाळ्यात भुंगा येऊन गेला. बिजोत्पादन करणारे लोक अशा रोपांना उपटतात, त्याला भेसळ काढणं म्हणतात. रोप तर तरतरीत असतं. कदाचित त्याचं फळ आईपेक्षा चांगलंही निघेल. मॉर्गेज लिफ्टर आणखी कसा जन्मला? मी ते फेकत नाही, वेगळ्या कुंडीत लावतो. पण त्याचं बी ‘ब्रँडीवाइन’ लिहिलेल्या पाकिटात जात नाही. शुद्ध बीज, शुद्ध वंश हे शब्द आपल्या समाजात कुणाकुणाला दूर ठेवायला वापरले गेले ते आठवलं की बागेतही ते माझ्या तोंडून निघत नाहीत. प्रश्न पाकिटावरच्या शब्दाचा आहे. दुसऱ्याच्या हातात देताना त्यावर लिहिलं आहे ते आत असलं पाहिजे. रटगर्सच्या बाबतीत तेवढंच सुटलं होतं.

आणि किंमत कुंपणापलीकडच्याला मोजायला लावायची नाही, हेही त्यातच आलं. २००९च्या उन्हाळ्यात ईशान्य अमेरिकेत उशिराचा करपा पसरला. आयर्लंडमध्ये बटाट्याचा दुष्काळ पाडला तोच हा रोग. त्या वर्षी तो मोठ्या दुकानांत विकल्या गेलेल्या रोपांबरोबर घरोघरी गेला आणि परसातून वाऱ्यावर शेतांत. हौशी माळ्याचं एक झाड गेलं की त्याला वाईट वाटतं. सेंद्रिय शेती करणाऱ्याचा हंगाम जातो. म्हणून पानांवर ते तेलकट काळपट डाग आणि खाली पांढरी लव दिसली की झाड मुळासकट उपटून पिशवीत बांधायचं, मग ते कितीही दुर्मिळ असो. ‘अजून चार फळं पिकू देत’ म्हणणं इथे शेजाऱ्याच्या खर्चाने प्रेम करणं होतं.

हाच न्याय बॅगेत लपवून आणलेल्या बियांना लावावा लागेल. आपल्यापैकी कुणाच्या बॅगेत कधी दुधीच्या, गवारीच्या, गावठी टोमॅटोच्या बिया नव्हत्या, असं छातीठोक म्हणणारा मला भेटायचा आहे. बी बघून डोळ्यांत पाणी येतं, मलाही येतं. पण टोमॅटोच्या बीवरून विषाणू प्रवास करतात; फळांवर तपकिरी सुरकुत्या आणणाऱ्या अशाच एका विषाणूमुळे २०१९ साली अमेरिकेने टोमॅटो आणि मिरचीच्या बियांवर जादा निर्बंध घातले. रीतसर परवाना, प्रमाणपत्र, जाहीर करणं ही कटकट आहे खरी. आपल्या आठवणीची ती किंमत आहे, आणि ती आपण भरली नाही तर ज्याच्या काचघरात रोग शिरेल तो भरेल.

आता उरतो एक प्रश्न, ज्याच्यापाशी मी अडतो. ज्याची इच्छा त्याने किंमत मोजायची, हे मान्य केलं की पुढच्या पिढीवर काहीच टाकता येत नाही. माझा मुलगा शिकागोत एकविसाव्या मजल्यावर राहतो. त्याला टोमॅटो आवडतात. बागकाम आवडत नाही. “बाबा, तुम्हाला हवं म्हणून करता ना, मग ठीक आहे की,” असं तो म्हणतो, आणि त्याला उलट बोलायला माझ्याकडे शब्द नाहीत, कारण त्याच्या काकाचं म्हणणं हेच होतं. वारसा म्हटलं की वारस गृहीत धरला जातो. पण रक्ताने वारस असणाऱ्याला ते अवजार नको असेल, तर हातात कोंबणं म्हणजे पुन्हा फर्माईशच. चेरोकी पर्पल माझ्याकडे तरी रक्ताच्या नात्याने कुठे आला? १९९० साली टेनेसीतल्या एका गृहस्थाने नॉर्थ कॅरोलायनाच्या क्रेग लेहूलियर यांना टपालाने बी पाठवलं. शंभर वर्षांपूर्वी चेरोकी लोकांकडून आलं, एवढीच त्याची कहाणी पत्रात होती. लेहूलियर यांनी त्याला नाव दिलं आणि वाटत सुटले. ज्यांचं नाव त्या फळाला आहे त्या लोकांना १८३८ साली त्यांच्या भूमीतून हाकलून पश्चिमेला चालवत नेलं होतं. ते बी आता इचलकरंजीत जन्मलेल्या माणसाच्या परसात आहे. यात वारस कोण, हे मला ठरवता येत नाही.

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात एक लाकडी कपाट आहे. पूर्वी त्याच्या छोट्या खणांत पुस्तकांची कार्डं असत, आता बियांची पाकिटं असतात. कुणीही न्यावं, जमल्यास हंगामाअखेर परत आणून ठेवावं. ऑक्टोबरात थंडीच्या भीतीने उरलेले हिरवे टोमॅटो तोडून त्यांची तीळ-दाण्याची चटणी झाली की मी वाळलेल्या बिया घेऊन बसतो. निम्मी पाकिटं घरात ठेवतो, निम्मी त्या कपाटात जातात. पाकिटावर नाव, साल, आणि ब्रँडीवाइन असेल तर खाली इंग्रजीत एक ओळ: पानं दातेरी निघाली तर हे ते नव्हे, वेगळं लावा. मागच्या वसंतात सहा ठेवली होती. सहाही कुणीतरी नेली. परत एक आलं, अक्षर अनोळखी, आणि माझ्या ओळीखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं: बारापैकी एक निघालं, बाजूला लावलं आहे.